अहंकार आणि दोष यांच्यासह स्वतःला कसे स्वीकारावे?

आपण विचारले आहे की, अहंकार आणि दोष घालवण्याचा पुष्कळ प्रयत्न करूनही ते पुन्हा उफाळून येत असतील, तर स्वतःला पूर्णपणे स्वीकारायचे कसे. माझ्या मते घोटाळा 'घालवण्या'च्या अपेक्षेतच आहे.

सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनातील २५ तत्त्वांमध्ये अहंकाराची गणना होते आणि तेथे त्याचा अर्थ गर्व असा नसून 'मी' आणि 'माझे' ही जाणीव निर्माण करणारे तत्त्व असा आहे. ती जाणीवच नसती, तर चूक कबूल करायला तरी कोण उरले असते? शिवाय मनातले दडपून टाकले म्हणजे ते जाते, असेही नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते. त्यांना तो टाळता आला नाहीच, उलट पुढे मोकळीक मिळताच तो अधिकच येऊ लागला.

मला हे पटायला फार वेळ लागला. माझ्या अहवालातील बेरजेची चूक एका कनिष्ठ सहकाऱ्याने सर्वांसमोर दाखवली, तेव्हा माझी कानशिले तापली, हातातल्या पेनाचे टोपण मी उगाच काढत-लावत राहिलो आणि त्याची मागच्या महिन्यातली चूक अगदी ओठांवर आली. एरवी मी ती बोलून मोकळा झालो असतो आणि मग रात्रभर स्वतःला क्षुद्र म्हणत तळमळलो असतो. त्या दिवशी प्रथमच मनाशी एवढेच म्हटले, 'माझा अहंकार दुखावला आहे.' तेव्हा त्या रागाच्या तळाशी भीती दिसली : आता येथे माझी किंमत उरणार नाही. मी चूक मान्य करून बेरीज दुरुस्त केली. राग संध्याकाळपर्यंत टिकला, तो टिकू दिला.

'मी असाच आहे' म्हणत इतरांना दुखावत राहणे याला मात्र मी स्वीकार म्हणणार नाही, ती पळवाट आहे. दोष माझा म्हटला की त्याची भरपाईही माझ्याकडे आली, आणि माफी मागताना तिला सबबी जोडायच्या नाहीत, हे मला सर्वांत अवघड गेले.

माझा मत्सर अजून गेलेला नाही. जवळच्या मित्राचे कौतुक ऐकताना तो डोके वर काढतोच. आता मी ते त्या मित्रालाच सांगतो.