उपाशी घोड्यांसाठी प्राणीसंस्था का येत नाहीत?

ताई, तुम्ही लिहिलंय की नांदेडला तुमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन घोड्या बांधलेल्या असतात, बरगड्या मोजता येतील इतक्या वाळल्यात, एकीच्या पाठीवर उघडी जखम आहे, आणि ज्या ज्या प्राणीसंस्थेला फोन केला तिनं "फोटो पाठवा" म्हणून विषय मिटवला. मग या संस्था आहेत तरी कशाला, आणि आता करायचं काय, हा तुमचा प्रश्न.

तुमचा संताप अगदी रास्त आहे. परभणी जिल्ह्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. घोड्याच्या बाबतीत हेच बघत आलो. जिंतूर रस्त्यावर एका वरातीच्या घोडीला ट्रकनं उडवलं होतं. मागचा पाय गेलेला, जनावर रस्त्याच्या कडेला पडून. मोठ्या शहरातल्या एका संस्थेची गाडी आली. घोडी उचलून नेण्याचं कोणतंही साधन त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी व्हिडिओ काढला, "उद्या येतो" म्हणाले आणि गेले. घोडी तिथंच मेली, ते काही परत फिरकले नाहीत. तो व्हिडिओ मात्र देणग्या मागण्यासाठी पुढं कित्येक दिवस फिरत होता. ही गोष्ट मी आजही माफ करू शकत नाही.

हे असं का होतं, याची कारणं खरी आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय तुमची धावपळ वाया जाईल. कुत्र्यासाठी पिंजरा पुरतो, नसबंदीसाठी महापालिकेचा पैसा असतो. गायबैलांना गोशाळा आहेत, त्यांना अनुदान आहे, दानशूर माणसं आहेत. घोडा या दोन्हींच्या मधे पडतो. तीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच-सहा किलो तरी कोरडी वैरण लागते, उन्हाळ्यात पंचवीस-तीस लिटरच्या वर पाणी लागतं. सहा-आठ आठवड्यांनी खूर कापावे लागतात आणि तालुक्याच्या गावी आता नालबंद शोधून सापडत नाही. घोडा पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे आज ताब्यात घेतलेली लंगडी घोडी पुढची दहा-पंधरा वर्षं सांभाळायची. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून साडेतीन लाखसुद्धा भरले नाहीत, २०१२ च्या मानानं ४५ टक्क्यांहून जास्त घट. जनावर कमी झालं तसा त्याची चाल बघून दुखणं ओळखणारा माणूसही कमी झाला. संस्थेत गेलात तर कुत्र्यामांजराचा डॉक्टर भेटेल, घोड्याच्या पायाला हात लावणारा क्वचितच.

त्यात ग्लँडर्सची भीती आहे, आणि ती खोटी नाही. घोड्यागाढवांचा हा रोग माणसालाही होतो. संशयित जनावराच्या रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो आणि रोग निघाला तर जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे ते जनावर दयामरण देऊन संपवावं लागतं. अनोळखी घोडा आपल्या आवारात आणायला संस्था कचरतात त्यामागं हेही एक कारण आहे. तुमच्या घोड्यांच्या नाकातून घट्ट, पिवळट शेंबूड येत असेल किंवा पायावर गाठी फुटून व्रण झाले असतील, तर हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका आणि पहिली खबर सरकारी डॉक्टरला द्या.

पण एवढ्या अडचणी असल्या म्हणून संस्थांना मोकळं सोडायला मी तयार नाही. "आमच्याकडे घोडा ठेवायची सोय नाही" हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगायला पैसा लागत नाही. तेवढं सांगितलं तर माणूस दुसरीकडे धाव घेतो. फोटो मागवून आठ दिवस झुलवत ठेवणं ही त्या मुक्या जनावराशी केलेली क्रूरताच आहे. शिवाय जागा नसली तरी डॉक्टरची फी देता येते, तक्रारीवर संस्थेचा शिक्का मारता येतो, पोलीस ठाण्यात एकट्या बाईबरोबर उभं राहता येतं. हेही जी करत नाही तिनं आपल्या पाटीवर घोड्याचं चित्र लावू नये.

आता तुमच्या घोड्यांबद्दल. त्या बहुधा वरातीच्या असाव्यात. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, घोडी चार महिने एक रुपया मिळवून देत नाही, मग मालक तिला प्लॉटवर बांधतो नाहीतर पुढचे दोन पाय दोरीनं जखडून मोकाट सोडतो. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत याच जातीच्या जनावरांचे दात बघून, चाल बघून सौदे होतात, हौशी लोक कौतुकानं पाठ थोपटतात. पाय अधू झाला की तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून आधी मालकाला गाठा, आणि चढ्या आवाजात बोलू नका. "वैरण कुठून आणू, हप्ते थकलेत" असं सांगणारे मालक मी बरेच पाहिलेत, आणि त्यातल्या निम्म्या-अधिकांना शंभरेक पेंढ्या कडबा आणि एक डॉक्टर मिळाला की जनावर सावरलेलंही पाहिलंय. कॉलनीनं वर्गणी काढून तेवढं केलं तर कोणत्याही संस्थेची वाट बघायला नको.

मालक दाद देत नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलवा आणि डॉक्टरकडून जनावराच्या अवस्थेबद्दल लेखी घ्या. तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज द्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे. पोलीस म्हणतील की हा अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाशिवाय आम्हाला तपास करता येत नाही, आणि दंड तरी किती, पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. दोन्ही खरं आहे. १९६० चा दंड आजही तेवढाच ठेवलाय ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३४ नुसार हवालदारापासून वरच्या पोलिसाला जनावर तपासणीसाठी ताब्यात घेता येतं, आणि कलम ३५ नुसार न्यायदंडाधिकारी ते उपचारासाठी पांजरपोळात पाठवून खर्च मालकावर टाकू शकतात. दंडावर वाद घालत बसू नका, ही दोन कलमं अर्जात लिहा.

इथं ठाणेदार विचारेल, "जप्त करून ठेवू कुठं?" सगळी प्रकरणं इथंच येऊन अडकतात. महापालिकेचा कोंडवाडा मोकाट गुरांसाठी असतो, तिथं जखमी घोडीवर उपचार कोण करणार? खरं तर याचं उत्तर याच कायद्याखालच्या २००१ च्या नियमांत आहे. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असली पाहिजे आणि तिला दवाखान्यासाठी, निवाऱ्यासाठी जागा राज्य सरकारनं द्यायची आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, कागदपत्रं पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात. खासगी संस्थांना शंभर फोन करण्याऐवजी जिल्हाधिकाऱ्यांना एक अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. सोबत माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा: सोसायटीची शेवटची बैठक कधी झाली, निवाऱ्याची जागा कोणत्या गट क्रमांकात आहे, आणि मागच्या वर्षी किती घोडे तिथं दाखल झाले. संस्था देणगीदाराला उत्तर देते, तुम्हाला नाही. या कार्यालयाला मात्र तीस दिवसांत तुम्हाला उत्तर द्यावंच लागतं.

तोवर दया म्हणून हरभरा, भरडा, गूळ, शिळ्या भाकरी घालू नका. लोक हौसेनं घालतात आणि उपाशी घोडा त्यानंच मरतो. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं बाहेर पडायला दुसरी वाट नाही. एकदम दाणा पडला की पोटशूळ उठतो, नाहीतर खूर आतून सुजतात. स्वच्छ पाणी ठेवा, कोरडं गवत दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं टाका, आठवड्याभरानं हळूहळू वाढवा. पाठीच्या जखमेला हळद लावून थांबू नका, घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, डॉक्टरकडून त्याचं इंजेक्शन करून घ्या. जखम खोल असेल, खाली पू साठला असेल, तर परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात घेऊन जा. टेम्पोत खाली पाचट अंथरा, तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवा, आणि मालकाला किंवा तिला ओळखणाऱ्या कुणाला तरी सोबत घ्या.