डिस्पर्स ब्लॅकचा दोष की पाण्याचा? टीएलसीवर कसे ओळखायचे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: भिवंडीत पॉलिएस्टर रंगवता, डिस्पर्स ब्लॅक (पॉलिएस्टरसाठीची काळ्या रंगाची पावडर) त्याच नावाने पण नव्या व्यापाऱ्याकडून घेतला, आणि आता शेड तांबूस येते. व्यापारी म्हणतो तुमच्या पाण्यात दोष आहे. मालक विचारतात की टीएलसीवर (सिलिकाचा पातळ थर असलेल्या प्लेटवर सॉल्व्हंट चढवून मिश्रणातले घटक वेगळे करण्याची साधी पद्धत) भागेल की एचपीएलसी (तेच काम कॉलममधून दाबाने करणारे यंत्र) घ्यावी लागेल. शिवाय गिऱ्हाइकाला ॲझो-फ्रीची, म्हणजे घातक अमाइन सोडणारे बंदी असलेले ॲझो रंग मालात नाहीत याची, खात्री हवी आहे, तीही याच प्लेटवर होईल का?

पहिल्या कामाला टीएलसी पुरेशी आहे, दुसऱ्याला नाही. आता सविस्तर.

डब्यावर ‘ब्लॅक’ लिहिले असले तरी आत एकच काळा रंग नसतो. नेव्ही ब्लू, नारिंगी आणि सोबत जांभळा किंवा लाल, असे मिश्रण करून काळा तयार होतो. कोणता नेव्ही, कोणता नारिंगी आणि किती, हे ज्याचे त्याने ठरवलेले असते. त्यामुळे दोन व्यापाऱ्यांच्या एकाच नावाच्या मालात घटक वेगळे असणे मुळीच अशक्य नाही. आणि हे घटक प्लेटवर आपापल्या रंगात दिसतात, यूव्ही दिवासुद्धा लागत नाही. टीएलसी शिकायला याहून सोपा माल नाही.

सिलिका जेल ६० ची ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरची प्लेट घ्या, ती कात्रीने कापता येते. दोन्ही लॉटची चिमूटभर पावडर ॲसिटोनमध्ये हलवा आणि वरची निवळी घ्या. तळापासून १ सेंमीवर पेन्सिलने रेघ ओढा. बॉलपेन नको, त्याची शाईच सॉल्व्हंटबरोबर वर पळते. केशनळीने ठिपके २-३ मिमीचेच ठेवा. काळ्या रंगाच्या बाबतीत सगळे जण ठिपका फार गडद लावतात आणि मग वर नुसता लांबलचक डाग दिसतो. टोल्युइन आणि इथाइल ॲसिटेट ४:१ पासून सुरुवात करा. ठिपके खालीच अडकले तर इथाइल ॲसिटेट वाढवा, सगळे वर जाऊन गर्दी करू लागले तर कमी करा. बरणीत आतून फिल्टर पेपर लावून, झाकण घालून पंधरा-वीस मिनिटे वाफ भरू द्या. नाहीतर कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा वेगळे चढतात आणि तुम्ही त्याला लॉटमधला फरक समजून बसाल.

तीन ठिपके लावायचे: डावीकडे जुना लॉट, उजवीकडे नवा, आणि मध्ये एकाच जागी दोन्ही, एकावर एक. मधला ठिपका सर्वांत महत्त्वाचा. दोन निळे शेजारी-शेजारी सारख्याच उंचीवर दिसले तरी मधल्या ओळीत तो निळा फाकला किंवा लांबट झाला तर ते दोन वेगळे रंग आहेत. आरएफचे (सॉल्व्हंटच्या तुलनेत ठिपका किती वर चढला त्या गुणोत्तराचे) आकडे वहीत लिहून पुढच्या महिन्याच्या प्लेटशी जुळवण्याच्या फंदात पडू नका. पावसाळ्यात भिवंडीची हवा सिलिकात एवढी ओल भरते की तोच रंग जास्त वर चढतो. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास तापवून घेतली तर बरे पडते, पण तुलना त्याच प्लेटवरची हाच नियम.

मुळाशी, रेघेवरच, एक तपकिरी डाग राहील. त्याला घाबरू नका. तो डिस्पर्सिंग एजंट (रंगाचे कण पाण्यात पसरून ठेवणारे द्रव्य), बहुधा लिग्नोसल्फोनेट. एचपीएलसीच्या कॉलममध्ये जे अडकते ते नजरेआड राहते, प्लेटवर मात्र न हललेला मालही समोर असतो. मालकांना सांगायला हा मुद्दा चांगला आहे.

आता तुमची खरी अडचण. जुन्या लॉटचा नमुना बहुतेक शिल्लक नसेल, कुणाकडेच नसतो. पण जुन्या लॉटने रंगवलेले, पास झालेले कापड गोदामात असेल ना? तोच तुमचा नमुना. दोन्ही कापडांचे नखाएवढे तुकडे वेगवेगळ्या परीक्षानळीत गरम डीएमएफमध्ये (डायमिथाइल फॉर्मामाइड, एक सॉल्व्हंट) ठेवा, रंग उतरेल. डीएमएफ कातडीतून शरीरात जाते आणि प्रजननक्षमतेला घातक आहे, त्यामुळे हातमोजे आणि फ्यूम हूड हवेतच. ते १५३ अंशांना उकळते, म्हणून ठिपका हेअर ड्रायरने पूर्ण वाळवा. ओला राहिला तर ठिपक्यांना शेपट्या फुटतात.

यातूनच व्यापाऱ्याच्या म्हणण्याचाही निकाल लागतो. एकाच प्लेटवर नवी पावडर, नव्या लॉटचे तांबूस कापड आणि जुन्या लॉटचे चांगले कापड लावा. नव्या पावडरचे ठिपके जुन्या कापडाशी जुळत नसतील, तर माल बदलला आहे. व्यापाऱ्याला प्लेटचा फोटो पाठवा. पण पावडरचे ठिपके जुन्या कापडाशी जुळतात आणि तांबूस कापडात मात्र निळा फिका पडून त्याच्या खाली एक नवा ठिपका आला आहे, असे दिसले तर व्यापारी खरे बोलतो आहे. ब्लॅकमध्ये फार चालणारा डिस्पर्स ब्लू ७९ सारखा नेव्ही एस्टर गटांचा असतो. १३० अंशांवर बाथ (रंगाचे पाणी) अल्कलीकडे झुकला की ते गट तुटतात. तुटलेला रेणू जास्त ध्रुवीय, म्हणून प्लेटवर खाली राहतो. निळा गेला की उरलेला नारिंगी डोके वर काढतो, तीच तुमची तांबूस झाक. बाथचा पीएच ४.५ ते ५ राहतो का, हे सुरुवातीला नाही तर १३० अंशांवरून उतरल्यावर तपासा. बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट तापल्यावरच खेळ करतो. नुसते ॲसिटिक ॲसिड टाकून मोकळे होणाऱ्या मास्टरांना हे पटवणे कठीण जाते, तिथे बफर (पीएच स्थिर ठेवणारे मिश्रण) वापरा.

तिसरी शक्यताही आहे. ठिपके सगळीकडे तेच, फक्त त्यांचा जोर कमी-जास्त. म्हणजे घटक तेच, प्रमाण बदललेले. इथे प्लेटवर डोळ्यांनी टक्केवारी सांगू नका. लॅब डिप (लॅबमध्ये छोट्या तुकड्यावर नमुना रंगवणे) मारा, स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर त्यावर मोजा. रंगाची ताकद हा टीएलसीचा प्रांत नाही, आणि पावडरमध्ये घातलेला भराव तर तिला दिसतही नाही.

रिॲक्टिव्ह रंगांसाठी (मुख्यतः सुती कापडाचे) हे सॉल्व्हंट चालणार नाही, ते आयनी असतात, जागचे हलणार नाहीत. त्यांना ब्युटॅनॉल, ॲसिटोन, पाणी, अमोनिया असले मिश्रण लागते. ओल लागलेल्या ड्रमात हायड्रोलाइज झालेल्या (ओलाव्याने निकामी झालेल्या) रंगाचा वेगळा ठिपका तिथे दिसू शकतो.

राहिले ॲझो-फ्री. केंद्र सरकारने बेन्झिडीनवर आधारित ४२ रंगांवर १९९३ मध्ये आणि आणखी ७० ॲझो रंगांवर १९९७ मध्ये बंदी घातली. युरोपात यादीतल्या प्रत्येक अमाइनसाठी मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. तपासायचा असतो तो रंग नाही, तर सोडियम डायथायोनाइटने तो तोडल्यावर निघणारा अमाइन. प्रमाणित पद्धतीत टीएलसीला जागा आहे, पण अमाइन सापडला तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. शिवाय तुलनेसाठी बेन्झिडीनसारखी कर्करोगकारक प्रमाणद्रव्ये जवळ ठेवावी लागतील. प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये ती आणूच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. हे काम एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्या. एचपीएलसीचे पैसे वाचतील त्यातून असे बरेच रिपोर्ट निघतील.

आणि आजपासून प्रत्येक लॉटची वीस ग्रॅम पावडर घट्ट झाकणाच्या बाटलीत, तारीख आणि व्यापाऱ्याचे नाव लिहून ठेवायला लागा. प्लेट वाळली की सावलीत लगेच फोटो काढा, काही रंग सिलिकावर उजेडात उडतात. इथे टाकलात तर मीही बघेन.