अकाउंट वेगळी, तरी मुलीच्या फाइल्स माझ्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये कशा येतात?

सी ड्राइव्ह भरत आला म्हणून तुम्ही दोघांचंही डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर हलवलंत आणि तेव्हापासून तुमची बिलं नि मुलीचे प्रोजेक्ट एकत्र झाले, असं तुम्ही लिहिलंय. विंडोज बिघडलेलं नाही. डॉक्युमेंट्स दिसायला फोल्डर असला तरी प्रत्येक अकाउंटसाठी तो फक्त एक पत्ता असतो. तुमच्याकडे दोन्ही अकाउंटना एकच पत्ता दिला गेलाय.

आधी सगळं पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. मग डी ड्राइव्हवर दोघांच्या नावाचे दोन फोल्डर बनवा. आपापल्या अकाउंटमध्ये डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि आपला फोल्डर निवडा. यानंतर जुन्या जागेतल्या फाइल्सही हलवू का, असं विंडोज विचारेल. इथे ‘नो’च म्हणा. ‘येस’ म्हणालात तर मुलीच्या फाइल्सही तुमच्या फोल्डरात येऊन पडतील. कुठली फाइल कोणाची हे विंडोजला कळत नाही. ती वाटणी हातानेच करावी लागते. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर वनड्राइव्ह आणि हा नवा पत्ता यांच्यात ओढाताण होते.

फोल्डरऐवजी अख्खा डी ड्राइव्हच निवडला गेला असेल, तर मूव्ह बऱ्याचदा नकार देतं. मग रेजएडिट (विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलायचं साधन) उघडून एचके करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, यूजर शेल फोल्डर्स इथपर्यंत जा. तिथे ‘पर्सनल’ नावाची नोंद असते, तीच डॉक्युमेंट्सची. तिच्यात आपल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा आणि साइन आउट करून परत या. बाकी कशाला हात लावू नका.

आता खरी मेख. एवढं करूनही मुलगी डी ड्राइव्हवर जाऊन तुमचा फोल्डर उघडू शकेल. सी ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरात प्रत्येकाची जागा विंडोज स्वतःहून बंद ठेवतं. डी ड्राइव्ह मात्र घरातल्या सगळ्यांना खुला असतो. म्हणून फाइल्स हलवून झाल्यावर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड, डिसेबल इनहेरिटन्स (म्हणजे ड्राइव्हच्या परवानग्या फोल्डरला आपोआप लागणं बंद) करा आणि ‘कन्व्हर्ट’चा पर्याय घ्या. परवानग्यांच्या यादीतून यूजर्स आणि ऑथेंटिकेटेड यूजर्स काढा, ज्याचा फोल्डर त्याचं नाव फुल कंट्रोलसह घाला. सिस्टिम आणि अॅडमिनिस्ट्रेटर्स राहू द्या. खालची ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट’ची खूणही करा, कारण त्याच ड्राइव्हवर हलवलेल्या फाइल्स जुन्याच परवानग्या घेऊन येतात. हे फक्त या दोन फोल्डरांवर. सबंध ड्राइव्हवर केलंत तर डोक्याला ताप. सिक्युरिटीचा टॅबच दिसत नसेल तर ड्राइव्ह एनटीएफएस (परवानग्या लावता येणाऱ्या प्रकारचा) नाही. तिथे कुलूप लागतच नाही.

मुलीचं अकाउंट अॅडमिनिस्ट्रेटर असेल तर ‘स्टँडर्ड यूजर’ करा, नाहीतर एक ‘कंटिन्यू’ दाबून ती आत. हेच तुम्हालाही लागू आहे बरं का: तिचा फोल्डर तुम्ही उघडू शकता, आणि हे तिला माहीत असलेलं बरं. अॅडमिनलाही दिसू नये असं काही असेल तर विंडोज प्रोमध्ये फाइल एन्क्रिप्ट करता येते, म्हणजे ती तुमच्याच अकाउंटला वाचता येते. होममध्ये ती सोय नाही. मात्र अॅडमिनने पासवर्ड रीसेट केला की त्या फाइल्स उघडत नाहीत, म्हणून एन्क्रिप्शनच्या सर्टिफिकेटचा, म्हणजे त्या कुलपाच्या किल्लीचा, बॅकअप आधी घ्यायचा.