‘खडी शांतिसेना’ म्हणावं का?

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे: शाळेत वादविवादासाठी विषय ठरला, ‘संयुक्त राष्ट्रांची स्वतःची अमुक शांतिसेना असावी का?’ या ‘अमुक’च्या जागी काय घालायचं यावर शिक्षकांचं एकमत होईना. ‘स्थायी’, ‘कायम’, ‘तैनाती’ असे शब्द पुढे आले. ताईंनी ‘खडी’ सुचवलं, तर तो हिंदी वाटतो आणि आपल्याकडे खडी म्हणजे रस्त्यावर टाकायची, असं म्हणून बाजूला ठेवला गेला.

ताई, तुमचाच शब्द बरोबर आहे. खडा पहारा, खडी ताजीम, खडे बोल हे सगळं अस्सल मराठी आहे, आणि ‘खडी फौज’ हा जुना प्रयोग आहे. लढाई असो नसो, पगारावर ठेवलेली, हुकूम होताच निघणारी फौज ती खडी फौज. रस्त्याच्या खडीशी घोटाळा होईल ही भीती नको. पुढे ‘फौज’ किंवा ‘सेना’ आली की अर्थ आपोआप लागतो.

‘तैनाती’ मात्र अजिबात नको. तैनात करणे म्हणजे कामगिरीवर नेमणे, म्हणून तो शब्द सुचणं साहजिक आहे. पण मराठी माणसाला ‘तैनाती फौज’ म्हटलं की वेलस्ली आणि १८०२ चा वसईचा तह आठवतो. आपल्याच दारात, आपल्याच खर्चाने ठेवलेली परकी फौज, असा तो अर्थ. विरोधी बाजूच्या मुलांना शीर्षकातच आयता मुद्दा मिळेल.

‘स्थायी’ची अडचण वेगळी. सुरक्षा परिषदेचे पाच ‘स्थायी सदस्य’ याच विषयात पदोपदी येणार, त्यामुळे एकच विशेषण दोन कामांना जुंपलं जाईल. ‘कायम’ आपल्या भागात सगळ्यांच्या तोंडी आहे. कन्नडमध्येही नोकरी ‘खायम’ होते. पण कायम म्हणजे न संपणारं. संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक काश्मीरच्या ताबारेषेवर १९४९ पासून आहेत, सायप्रसमध्ये शांतिसेना १९६४ पासून आहे. त्या मोहिमा कायमच्याच झाल्यात म्हणायला हरकत नाही, तरी खडी फौज संयुक्त राष्ट्रांकडे एकही नाही. वादाचा सगळा जीव या फरकात आहे.

तो मुलांना समजावायला आपलीच लष्करी परिभाषा घ्या. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. आजची शांतिसेना ही शिलेदारांची आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे आसपासच्या गावांत फौजी घरं पुष्कळ. ‘यूएन मिशन’वर जाऊन आलेल्या जवानाचा फोटो कुठे दिसला तर नीट बघा. डोक्यावर निळी टोपी, एका दंडावर संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह, दुसऱ्यावर तिरंगा, आणि बाकी सगळा गणवेश भारतीय लष्कराचा. पगार त्याला भारत सरकारच देतं. संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे ठरलेली रक्कम सरकारला भरून देतात. गाड्या आणि चिलखती वाहनंसुद्धा बहुतेक वेळा त्या त्या देशाने आणलेली असतात, त्यांचं भाडं वेगळं मिळतं. गुन्हा केला तर खटलाही त्याच्याच देशाच्या कायद्याने चालतो.

ती निळी टोपीही घाईतूनच आली. १९५६ मध्ये सुएझसाठी पहिली सशस्त्र शांतिसेना उभी करायची होती आणि निळ्या बेरे टोप्या वेळेत मिळेनात. तेव्हा अमेरिकी शिरस्त्राणांच्या आतल्या प्लॅस्टिकच्या टोप्यांवर निळा रंग फवारून काम भागवलं.

सनदेत तरी दुसरं काही होतं का? कलम ४३ प्रमाणे सदस्य देशांनी करार करून आपापल्या तुकड्या सुरक्षा परिषदेच्या हाताशी ठेवायच्या होत्या. बड्या पाच देशांचं जमलं नाही आणि आजवर असा एकही करार झालेला नाही. म्हणजे कागदावरही होती ती राखीव फौज. १९९६ मध्ये डेन्मार्कच्या पुढाकाराने काही देशांनी अशीच एक सज्ज ब्रिगेड बांधली. तिचे सैनिक मात्र आपापल्या देशातच राहत, आणि जायचं की नाही हे त्यांची सरकारं ठरवत. २००९ मध्ये ती मोडली. ‘राखीव’ आणि ‘खडी’ यांत गल्लत होऊ देऊ नका. इंग्रजीतले ‘स्टँडबाय’ (राखीव) आणि ‘स्टँडिंग’ (खडी) हे दोन्ही शब्द ‘स्टँड’वरून निघतात म्हणून ती सर्रास होते.

शिलेदारी पद्धतीची किंमत रवांडाने मोजली. एप्रिल १९९४ मध्ये तिथे जेमतेम अडीच हजारांची शांतिसेना होती. दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली, आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने संख्या २७० वर आणायचा ठराव केला. तिकडे तुत्सी जमातीच्या लोकांची कत्तल सुरूच होती. १७ मे रोजी ५,५०० सैनिक पाठवायचं ठरलं, पण द्यायला कोणी पुढे येईना, आणि आले त्यांच्याकडे वाहनं नव्हती. जुलैत कत्तल थांबली तोवर सुमारे आठ लाख माणसं गेली होती. तिथल्या शांतिसेनेचे सेनापती डॅलेर कुमक मागत राहिले. म्हणून मला वाटतं, निदान पाचेक हजारांची, पहिल्या दोन आठवड्यांत उतरू शकेल अशी खडी सेना संयुक्त राष्ट्रांकडे असलीच पाहिजे.

विरोधी बाजूला सगळ्यात भक्कम मुद्दा हुकमाचा आहे. फौज खडी असली तरी ‘निघा’ म्हणणार सुरक्षा परिषदच, आणि तिथे पाचांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की सेना छावणीतच बसणार. तिच्या सैनिकावर खटला कोणत्या कायद्याने चालवायचा, हेही आज कुणाला सांगता येत नाही. खर्चावर मुलांनी फार वेळ घालवू नये, त्यात रंग भरत नाही.

शुद्धलेखनाचं विचारलंत: सुटा शब्द ‘शांती’, समासात ‘शांतिसेना’, ति ऱ्हस्व. कन्नड पाठ्यपुस्तकातली ‘शांतिपालना पडे’ मुलांच्या ओळखीची असेल, ‘पडे’ म्हणजे दल. मराठीत ‘शांतिरक्षक दल’ चालेल. ‘शांतिसेना’ म्हणालात तर आधी ‘संयुक्त राष्ट्रांची’ हवंच, कारण वडीलधाऱ्यांना त्या शब्दाने १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेली भारतीय फौज आठवते, आणि विनोबांची शांतिसेना तर निःशस्त्र होती.

आणि विषयातला ‘का’ काढून टाका. ‘संयुक्त राष्ट्रांची स्वतःची खडी शांतिसेना असावी’ असं विधान दिलंत की मुलांना बाजू घेणं सोपं जाईल.