बिलाची तारीख आणि पैशाची तारीख

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. देश वेगानं वाढतोय, निम्म्याच्या जवळपास माणसं अजून शेतीवर आहेत, कारखानदारी वाढायला हवी, हे सगळं नीट मांडलंयस. पण माल गेल्यावर पैसा किती दिवसांनी येतो, हे त्यात कुठंच नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हयात गेलेला माणूस आधी तेच शोधणार.

माझ्या लोखंड ओतायच्या भट्टीचा हिशेब सांगतो. कच्चा माल, म्हणजे भंगार आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड), आठ दिवसांच्या उधारीवर. वीजबिल तारखेला. पगार सात तारखेला. जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला. तोही बिल फाडलं म्हणून, पैसे आले म्हणून नव्हे. आणि गिऱ्हाइकाचा चेक नव्वद दिवसांनी, कधी शंभर. मधली दरी बँकेच्या सीसीनं, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जानं भरायची आणि व्याज आपण सोसायचं. म्हणजे दहा कामगारांचा कारखाना मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देत बसतो. नवीन मशीन घ्यायचं, दोन पोरं कामाला ठेवायची, तो पैसा तिथं अडकलेला असतो. गिऱ्हाईक धारवाडचं असलं की 'नाळे बर्री' (उद्या या), पुण्याचं असलं की 'उद्या बघू'. उधारीला इकडं कन्नडमध्येही उद्रीच म्हणतात.

कायदा नाही असं नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यानं पैसे द्यायला लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे व्याज मी एकदाही मागितलं नाही. कास्टिंगच्या धंद्यात पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात तो नमुना, गिऱ्हाइकाचा असतो. तू तक्रार केलीस की दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात येतो, लाकडी पॅटर्न चढवतो आणि शेजारच्या भट्टीवर उतरवतो. ऑर्डर गेली.

मग सरकारनं आयकरातून चिमटा काढला. १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला वजा करता येत नाही. कल्पना चांगली होती. माझ्या एका गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, "काका, उद्यम नोंदणी काढून टाकता का?" म्हणजे मी कागदावर लघु उद्योगच राहायला नको.

ऊसवाल्यांचं बघ. १९६६ च्या आदेशानं कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचे. तेही थकतातच, पण ते निदान रस्त्यावर बसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूरला दरासाठी बसले, तेव्हा टनाला ३३०० रुपयांवर सरकारला तोडगा काढावा लागला. आम्ही एका गल्लीत चाळीस शेडवाले, आणि प्रत्येकाचा डोळा शेजाऱ्याच्या पॅटर्नवर. मीही त्यातलाच. दुसऱ्याच्या दारातून निघालेला टेम्पो माझ्याकडे उतरला, तेव्हा मी चहा पाजला होता.

तेव्हा प्रबंधासाठी दिल्लीचे अहवाल चाळ, पण आधी मच्छे आणि उद्यमबागेतल्या दहा शेडांत जा. नफा विचारू नकोस, कुणी खरं सांगणार नाही. बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख, एवढंच उतरवून घे. संध्याकाळी सहानंतर जा; दिवसा भट्टी चालू असली की कुणी बोलत नाही.

माझी २०१७ ची वही कपाटात वरच्या फळीवर आहे, घेऊन जा. पैसे आल्याच्या तारखा कडेला लाल शाईनं आहेत. दोन बिलांपुढं जागा अजून कोरी आहे.

तुझा,
काका