मुघल सत्ता मोडकळीला आली असताना बादशहाची चित्रं इतकी थाटामाटाची कशी?

कारण तेवढंच हातात उरलं होतं! १७३९ मध्ये नादिरशहानं दिल्ली लुटली, मयूरासनही नेलं. पोटापाण्यासाठी बरेच चित्रकार लखनौ, मुर्शिदाबादकडे पांगले. मागे राहिले त्यांनी मात्र जुनाच साचा धरला: तेजोवलय, मोत्यांच्या माळा, सिंहासन.

सगळ्यात बोलकं उदाहरण शाहआलम दुसऱ्याचं. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरनं त्याचे डोळे काढले. पुढे महादजी शिंद्यांनी त्याला पुन्हा गादीवर बसवलं. त्यानंतर, १८०१ च्या सुमारास खैरुल्लानं काढलेल्या चित्रात म्हातारा बादशहा सिंहासनावर बसलाय, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर खोटेपणा नाही; सिंहासन मात्र जणू नादिरशहा आलाच नव्हता असं! १८०३ पासून दिल्ली इंग्रजांच्या ताब्यात गेली, बादशहा त्यांचा पेन्शनर झाला. त्याचा मुलगा अकबर दुसरा याच्या दरबारचित्रात इंग्रज रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, उभा दिसतो, पण बादशहापुढे अदबीनं. खरी सूत्रं कोणाकडे होती ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मला तरी ही निव्वळ हुजरेगिरी वाटत नाही. उलट हात अजून सफाईदार होते. गुलाम अली खाननं बहादूरशहा जफरचं राज्यारोहणानंतरचं चित्र काढलं, त्यात युरोपीय पद्धतीची छायाप्रकाशाची समज स्पष्ट दिसते. हाच चित्रकार विल्यम फ्रेझर आणि जेम्स स्किनर या कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठीही कामं करत होता; एकट्या लाल किल्ल्यातल्या दरबारावर घर चालण्याचे दिवस गेले होते. १८५८ मध्ये कैदेतल्या जफरचा फोटो निघाला. त्यात दागिने नाहीत, तेजोवलय तर नाहीच.