मोफत पुस्तकांचे कपाट चाळताना

प्रश्न : आमच्या वसाहतीत रहिवाशांनी पुस्तकांच्या अदलाबदलीसाठी एक कपाट ठेवले आहे. हवे ते न्यावे, नको असेल ते आणून ठेवावे. नोंद नाही, पैसे नाहीत. कादंबऱ्या, मासिकांचे सुटे अंक, अभ्यासक्रमाची पुस्तके, आरोग्यविषयक पुस्तिका असे सगळे त्यात एकत्र असते. मी दर खेपेस पाच-सहा पुस्तके उचलून आणते आणि त्यांतली बहुतेक न वाचताच पडून राहतात. हे कपाट चाळावे कसे? आणि काही न ठेवता नुसतेच नेणे योग्य आहे का?

उत्तर : पुस्तक विकत घेताना किंमत पाहून आपण क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात ‘हे मी खरेच वाचणार आहे का?’ असे स्वतःला विचारून होते. मोफत कपाटापुढे हा थांबाच नसल्यामुळे पिशवी भरते. तो आपणच निर्माण करावा, आणि त्यासाठी उभ्या उभ्या दोन पाने वाचणे पुरेसे असते. मात्र पहिले पान वाचू नये, कारण ते लेखकाने बहुधा फार जपून लिहिलेले असते. मधले कुठलेही पान उघडावे आणि ते संपल्यावर पुढचे उलटण्यासाठी हात आपसूक पुढे गेला तरच पुस्तक घ्यावे.

त्यानंतर शीर्षकपानाची मागची बाजू पाहावी, कारण प्रकाशनाचे वर्ष आणि आवृत्ती तिथे दिलेली असते. वर्षाचा उल्लेख नसेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, पाहावा. हा क्रमांक २००७च्या जानेवारीपासून १३ अंकी झाला. त्याआधी तो १० अंकी असे, त्यामुळे केवळ १० अंकी क्रमांक असलेली प्रत साधारणपणे त्यापूर्वीची समजावी. कादंबरीच्या बाबतीत या तपशिलाला फारसे महत्त्व नाही. पण औषधोपचार, कायदा, कर किंवा संगणक यांवरचे पुस्तक असेल तर तो निर्णायक ठरतो. आरोग्यविषयक जुन्या पुस्तिका उपचारासाठी वापरायच्या म्हणून मुळीच नेऊ नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण त्यांतला सल्ला पुढे बदललेला असू शकतो आणि छापील कागद ते आपल्याला सांगत नाही. याउलट शब्दकोश, व्याकरण, आत्मचरित्र, प्रवासवर्णन ही पुस्तके जुनी झाली तरी उपयोगी पडतात.

प्रत पूर्ण आहे की नाही, हे पाहण्याचीही एक रीत आहे. पुस्तक सुट्या पानांनी नव्हे, तर फर्म्यांनी, म्हणजे मोठा छापील कागद घडी घालून केलेल्या पानांच्या जुड्यांनी, बांधले जाते आणि एक फर्मा बहुधा १६ पानांचा असतो. त्यामुळे बांधणीत चूक झाली असेल किंवा शिवण सुटली असेल, तर अनेकदा एक-दोन पाने न जाता पूर्ण फर्माच गळतो, उलटा लागतो किंवा दोनदा येतो. पृष्ठक्रमांकांवरून १६-१६च्या टप्प्याने नजर फिरवली की मिनिटभरात खात्री होते. रहस्यकथेचे शेवटचे पान तेवढे अवश्य तपासावे. पण वाचू नये.

कागद पिवळा पडला आहे म्हणून पुस्तक नाकारू नये. स्वस्त कागदात लाकडातले लिग्निन शिल्लक असते आणि उजेड व हवा लागून ते रंग बदलते; मजकुराला त्याने बाधा येत नाही. बुरशीची गोष्ट निराळी. दमट, कुबट वास आणि पानांवर केसाळ, भुकटीसारखे डाग असतील तर ते पुस्तक घरी नेऊ नये, कारण बुरशी दमट हवेत इतर पुस्तकांवरही पसरू शकते. कसर, म्हणजे पुस्तके खाणारी कीड, लागल्याची शंका असलेले पुस्तक मोलाचे वाटले, तर प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीजरमध्ये २ आठवडे ठेवावे आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये; नाहीतर पानांवर दव धरते.

सुट्या अंकांकडे मात्र लोक उगाच पाठ फिरवतात. क्रमशः येणारी कादंबरी अर्धवट मिळेल, हे खरे. परंतु वाचकांची पत्रे, जाहिराती आणि संपादकांची उत्तरे यांतून त्या काळाचे बोलणे जसेच्या तसे ऐकू येते, आणि असे अंक फार ठिकाणी जपले जात नाहीत. आधीच्या वाचकाच्या खुणांविषयीही मला असेच वाटते. माझ्याकडे अशाच अदलाबदलीतून आलेले एक व्याकरणाचे पुस्तक आहे. त्यात कोणीतरी पानांच्या कडेच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने शंका लिहिल्या आहेत आणि पुढे दोन ठिकाणी त्याच अक्षरात, पण शाईने, त्यांची उत्तरे दिली आहेत. कोरी प्रत मिळाली तरी मी ती बदलून घेणार नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. न ठेवता नेणे गैर नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ, छोट्या शाळेच्या आकाराची पेटी पुस्तकांनी भरून घरासमोर उभी केली. त्यातून पुढे आलेल्या ‘लिटल फ्री लायब्ररी’ या उपक्रमातही नेणाऱ्याने तिथल्या तिथे पुस्तक ठेवलेच पाहिजे असा दंडक नाही. कपाटाचे नुकसान नेण्याने होत नाही. नेलेले पुस्तक अडकून पडण्याने आणि कोणालाही नको असलेले तिथे ढकलण्याने होते. म्हणून कालबाह्य अभ्यासक्रमाची पुस्तके रद्दीत द्यावीत. कपाटात मात्र आपण दुसऱ्याला मनापासून ‘हे वाचा’ म्हणू, असेच पुस्तक ठेवावे.

आपल्या घरी साठलेल्या पुस्तकांचेही मधले पान उघडून पाहावे. ज्यांची दोन पाने पुढे खेचत नाहीत, ती पुढच्या खेपेस कपाटात नेऊन ठेवावीत आणि त्या दिवशी एकच पुस्तक घेऊन परतावे.